संक्रांत बंद असलेल्या घरातून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला पानिपतावरचा लेख वाचला. दोनदा वाचला. चांगला आहे, मेहनत घेतलीय, तलवारींचे फोटो तर मस्तच, पण शेवटी शेवटी लेखकाची गाडी जी घसरलीय त्याबद्दल लिहावंसं वाटलं. पानिपताचा ट्रॉमा म्हणे मराठी माणसाच्या डीएनएमध्ये उतरलाय, रक्तात आहे, आणि हे आता सायन्सनेच सिद्ध केलंय. मी बँकेतून रिटायर झालेली बाई, सायकॉलॉजी काही माझा विषय नाही, पण मुलगी एम.ए. सायकॉलॉजी करतेय आणि गेलं वर्षभर आमच्या घरी डायनिंग टेबलावर पोहे आणि फ्रॉइड-युंग एकत्रच असतात त्यामुळे थोडंफार कानावर पडलंय, थोडं वाचलंय पण. चुकलं तर सांगा.

तर आधी ते डीएनएचं. लेखकाच्या डोक्यात बहुतेक न्यूयॉर्कच्या राचेल येहूदा बाईंचा रिसर्च असणार. नाझींच्या छळातून वाचलेले ज्यू लोक आणि त्यांची मुलं, दोघांच्याही एका जीनवर त्यांना काही खुणा दिसल्या. बरोबर आहे, २०१६ साली ते छापून आलं आणि जगभर बातम्या झाल्या. पण त्यात माणसं किती होती माहितीये? वाचलेले ३२ आणि त्यांची मुलं २२. एवढ्याशा गटावरून काय काय म्हणता येईल यावर शास्त्रज्ञांचीच भांडणं झाली. आणि ती सख्खी मुलं होती हो, आईबापांच्या घरात वाढलेली, रात्री आई किंचाळत उठताना बघितलेली. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. मधे आठ-दहा पिढ्या गेल्या, प्लेग गेला, दुष्काळ गेले, कोण कुठून कुठे गेलं, कोणाचं लग्न कोणाशी झालं, आणि आपण म्हणायचं रक्तात आहे! रक्तात म्हटलं की एक सोय होते, की पुढे काही विचारायलाच नको.

मग पिढ्यान् पिढ्या काहीच उतरत नाही का? उतरतं. मुलीने मला वामिक व्होल्कन नावाच्या माणसाचं वाचायला दिलं. सायप्रसमध्ये जन्मलेला तुर्की माणूस, पुढे अमेरिकेत सायकोअ‍ॅनालिस्ट म्हणजे मनोविश्लेषक, आणि आयुष्यभर एकमेकांच्या उरावर बसलेल्या समाजांना एका टेबलाशी आणून बसवायचं काम केलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की एखाद्या समाजाच्या पूर्वजांवर कधीतरी मोठी नामुष्की ओढवते, ती त्यांना धड रडूनही संपवता येत नाही, मग ते न संपलेलं रडणं पोरांच्या पदरात टाकलं जातं, की आमच्याकडून नाही झालं, तुम्ही बघा. पोरं तो इतिहास बघत नाहीत, त्याचं मनातलं एक चित्र सांभाळतात, आणि हळूहळू ते चित्र म्हणजेच 'आपण कोण' याचा दाखला होऊन बसतो. शांततेच्या काळात ते झोपलेलं असतं. कोणी उठवणारा भेटला की मग सहाशे वर्षांपूर्वीचं काल झाल्यासारखं वाटायला लागतं. त्याचं नेहमीचं उदाहरण सर्बियाचं आहे. कोसोवोची लढाई १३८९ ची, त्यात राजा लाझार मेला. १९८९ ला ६०० वर्षं होणार म्हणून त्याच्या अस्थी आधी गावोगाव फिरवल्या, लोकांनी रडून घेतलं, मग २८ जूनला त्याच रणभूमीवर सर्बियाचा तेव्हाचा पुढारी मिलोसेविच याचं भाषण. पुढे सर्बिया ज्यात होता त्या युगोस्लाव्हियाचे आपसातल्या युद्धांत कसे तुकडे झाले ते सगळ्यांना माहितीच आहे.

व्होल्कन याला 'चोझन ट्रॉमा' म्हणतो, तुमच्या लेखात त्याचं 'निवडलेला आघात' केलंय. शब्दाला शब्द म्हणून ठीक असेल पण वाचणाऱ्याला वाटणार की कोणी मीटिंग घेऊन निवडला. आमच्याकडे म्हणतात ना, 'त्यानं ते धरूनच ठेवलंय', तेवढं म्हटलं तरी कळतं. धरून ठेवलेली जखम.

आता आपण पानिपत कसं धरून ठेवलंय बघा. पोरगं गणितात नापास झालं की 'पानिपत झालं'. कोणी शब्द फिरवला की 'विश्वास तर पानिपतातच गेला'. हा जोक मी बँकेत ३४ वर्षं ऐकला, प्रत्येक जण आपणच पहिल्यांदा मारतोय असा चेहरा करून. आणि 'संक्रांत ओढवली'. याचं तर लोक छातीठोक सांगतात की पानिपत संक्रांतीला झालं म्हणून तो शब्द आला. मला नाही पटत. पंचांगात संक्रांत वाहनावर बसून येते, कुठून आली, कुठे चालली, कुणीकडे बघते सगळं दिलेलं असतं आणि ती जिकडे बघते तिकडचं काही खरं नसतं, त्याला पानिपताची गरज काय? पण आपल्याला कुठलीही वाईट गोष्ट पानिपताला नेऊन बांधली की बरं वाटतं. एवढं मोठं दुःख एकदा हाताशी असलं की त्याच्या मागे काय वाट्टेल ते ठेवता येतं. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे माझ्या घरचं सांगणार आहे.

न संपलेलं रडणं बघायचं तर पार्वतीबाईंकडे बघा. सदाशिवराव भाऊ रणात पडले, त्यांचं शव मिळालं, दहनही झालं असं सांगणारे होते, पण पुण्यात कोणाची खात्री पटेना आणि पार्वतीबाईंनी कुंकू काही पुसलं नाही. त्या वारल्या १७८३ ला. म्हणजे बावीस वर्षं एक बाई सवाष्ण म्हणून वावरतेय आणि अख्ख्या शनिवारवाड्याने तिला तसं वावरू दिलंय. मधे तोतया निघाला, मीच भाऊ म्हणून, तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला तर कोकणात माणसं त्याच्या मागे लागली, किल्ले ताब्यात गेले, शेवटी १७७६ ला पुण्यात त्याला मारलं. आपण शाळेत हे 'तोतयाचे बंड' म्हणून दोन मार्कांना शिकलो. पण पंधरा वर्षांनी एवढ्या लोकांना तो भाऊ वाटावा? माझी मुलगी म्हणते, आई, त्यांना भाऊ हवा होता गं. फ्रॉइडने १९१७ साली शोक आणि मेलँकलिया म्हणजे न सरणारी खिन्नता यावर जे लिहिलं, की गेलेलं माणूस गेलं हे मन मान्य करत नाही तेव्हा काय काय होतं, ते पुण्याला तेव्हाच माहीत होतं, फक्त एकट्या पेशंटच्या जागी अर्धं राज्य होतं.

आणि एक. ती पत्रातली ओळ सगळ्यांना पाठ असते, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याला गणती नाही. नानासाहेब पेशव्यांच्या हाती हे पत्र वाटेत भेलशाजवळ, म्हणजे आताच्या विदिशाजवळ पडलं. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे? सुटे पैसे. म्हणजे बाकीचे सगळे. लढणाऱ्यांच्या मागे तळावर जे हजारो लोक होते, बायका, पोरं, कुरुक्षेत्र-काशी करू म्हणून निघालेल्या म्हाताऱ्या, पाणके, वाणी, त्यांना बुणगे म्हणायचे. नाना फडणवीसांची आईसुद्धा त्यातच, ती परत आली नाही. नाना तेव्हा धड एकोणीस वर्षांचे पण नव्हते, वेष बदलून पळाले आणि जगले, आणि पुढे स्वतःच्या आयुष्याबद्दल जे लिहून ठेवलंय ते वाचून मन थोडं हलतंच. पण शब्दाचं काय झालं बघा, 'बाजारबुणगे' ही आज शिवी आहे. लढाईला गेलेही नव्हते आणि मेले, लुटले गेले, गुलाम म्हणून विकले गेले, त्यांच्यासाठी भाषेत आपण काय ठेवलं तर शिवी. तुमच्या लेखात पूर्ण पानभर सरदारांची यादी आहे. बुणग्यांना एक ओळ.

आता घरचं. माझं माहेर सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी. आमच्या वाड्यात संक्रांत बंद. म्हणजे अगदी बंद, सुगडं नाहीत, वाण नाही, ववसायला कोणी बाहेर पडायचं नाही, गुळाची पोळी नाही. शेजारच्या काकू आम्हा पोरांना मागच्या दाराने तिळगूळ द्यायच्या आणि आम्ही तो गोठ्यात उभं राहून खायचो. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: आपल्या घरातले सात पुरुष पानिपतात गेले. सोप्यात एक गंजलेली तलवार टांगलेली, ती दाखवायची. पाहुणे आले की थोरले आजोबा, म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, हे सांगायचे आणि पाहुणे मान हलवायचे. आम्हाला केवढा अभिमान! वर्गात मी सांगितलं होतं, आमच्याकडे संक्रांत नसते, आमचं पानिपत झालंय.

थोरले आजोबा त्या दिवशी जेवायचे नाहीत. दिवस मावळायच्या सुमारास ओट्यावर बसायचे, आम्हाला पुढ्यात बसवून पानिपताची गोष्ट सांगायचे, आणि विश्वासरावांना गोळी लागली तिथे आले की त्यांना पुढे बोलवायचं नाही. धोतराच्या सोग्याने डोळे पुसायचे. एरवी हा माणूस कुणाच्या मयतीला रडलेला मी पाहिला नाही.

मी चौथीत असेन, संक्रांतीच्या पहाटे आमची गाय व्याली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, सणाच्या दिवशी घरात कोणी गेलं की तो सण बंद होतो, आणि मग त्याच दिवशी घरात मूल जन्मलं नाहीतर गाय व्याली की सण सुटतो. किती शहाणी रीत आहे बघा, शोक करा, पण त्याला दार ठेवा, आणि ते दार उघडायला तुमच्या मनाची तयारी झाली का म्हणून विचारत बसत नाहीत, वासरू झालं की झालं. आज्जी नाचायचीच बाकी होती. तिने तीळ काढले, पाटीत पाखडायला घेतले. तेवढ्यात थोरले आजोबा आत आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, पानिपताचा सण वासरावर सुटत नाही. बास. आज्जीने तीळ परत डब्यात भरले. तिचा हात कसा थरथरत होता आणि तीळ डब्याच्या बाहेर जमिनीवर कसे सांडत होते ते मला आत्ता लिहिताना पण दिसतंय. वासरू चांगलं होतं, पांढरं, कपाळावर तांबडा ठिपका.

दोन वर्षांपूर्वी मुलीला कॉलेजात जेनोग्राम करायला दिला. म्हणजे घराण्याची वंशावळच, पण त्यात पुरुषाला चौकोन, बाईला गोल, कोण कशाने गेलं, कोणाचं कोणाशी पटत नव्हतं, सगळं टाकायचं. आपल्या वंशावळीत बायका नसतातच, त्यामुळे ती आमच्या आत्तीला विचारायला बसली. आत्ती म्हणजे वडिलांची बहीण, चौऱ्याऐंशी वय, कान गेलेत पण बाकी सगळं शाबूत. आत्ती लसूण सोलत होती. मुलीने मोठ्याने विचारलं, पानिपतात गेले त्यांची नावं काय हो आत्तीआजी? आत्तीने वर बघितलं सुद्धा नाही. म्हणाली, "कशाचं पानिपत न् काय गं, आडात पडली की ती बाई."

कोणती बाई? थोरल्या आजोबांची पहिली बायको. आत्तीच्या जन्माच्या आधीची गोष्ट, तिने आईच्या तोंडून ऐकलेली, तेही एकदाच. सोळा-सतरा वर्षांची असेल. संक्रांतीला वाण घेऊन परत आली आणि दिवस मावळताना परसातल्या आडात. पाय घसरला म्हणतात. नेसत्या वस्त्रानिशी आणि हातातल्या बांगड्यांनिशी काढली. का, ते आत्तीला माहीत नाही किंवा सांगायचं नाही. वर्षाच्या आत दुसरी करून आणली, आडावर फरशी टाकली. त्या फरशीवर आम्ही सागरगोटे खेळलोय हो.

मग मी जरा शोध घेतला. घरात जुनं दप्तर होतं, मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडे नेलं. जमिनीचे कागद, कर्जरोखे, एक वारसाचा तंटा. पानिपताचा प पण नाही. ती तलवार एकोणिसाव्या शतकातली असावी असं ते म्हणाले, तेही चहा पिऊन झाल्यावर, मला वाईट वाटू नये म्हणून हळूच.

थोरले आजोबा खोटं बोलत होते का? मला वाटत नाही. चार-पाच वर्षं झाली की माणूस स्वतःच विश्वास ठेवायला लागत असणार. त्यांना रडायचं होतं आणि विश्वासरावांसाठी रडायला कोणाची ना नव्हती. पॅरिसमध्ये निकोलस अब्राहम आणि मारिया तोरोक म्हणून दोघं मूळचे हंगेरियन अ‍ॅनालिस्ट होते, त्यांनी यावरच काम केलंय. माणूस एखादं लाजेचं दुःख मनाच्या आत पुरून, वरून लिंपून टाकतो, त्याला स्वतःलाही ते सापडत नाही, पण त्याच्या पोरानातवंडांच्या वागण्यात भलत्याच ठिकाणी ते डोकं काढतं. आपल्याला छळतात ते मेलेले नव्हेत, त्यांनी न सांगितलेल्या गोष्टींची जी पोकळी आपल्यात राहिली ती छळते, असं अब्राहमचं म्हणणं. आमच्या सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खोल, तोंड बंद करून वर माती. वर्षानुवर्षं हळद टिकायची. पण पेव उघडलं की लगेच आत कोणी उतरायचं नाही, काही वेळ तसंच उघडं ठेवायचं, कंदील सोडून बघायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरणार, कारण आतल्या कोंडलेल्या हवेने माणसं गेलीत. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली. मुलीने अब्राहम-तोरोक समजावून सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवलं.

माझ्या चुलतभावाला मी हे सांगितलं. कंदील न सोडताच सांगितलं, चूक माझीच. तो दुसऱ्या बायकोचा नातू, तलवार आता त्याच्याकडे असते, दर १४ जानेवारीला फेटा बांधून तिच्याबरोबर फोटो टाकतो. एकदा तो पानिपतला काला आंबला, म्हणजे तिथल्या लढाईच्या स्मारकाला पण जाऊन आला आणि तिथे हरियाणातली रोड समाजाची माणसं भेटली, आम्ही पण तुमच्यातलेच, लढाईनंतर इथेच राहिलेल्यांचे वंशज असं सांगणारी, त्यांच्या गळ्यात पडून रडला. (तो दावा सगळ्या इतिहासकारांना मान्य नाही, पण गळ्यात पडून रडणं खरं होतं.) तर तो म्हणाला, ताई, तू घराण्याची अब्रू घालवतेस. मी म्हटलं कोणाची? एका मुलीचा जीव गेला त्यात अब्रू कोणाची जाते? तो फॅमिली ग्रुपवरून लेफ्ट झाला. दोन महिन्यांनी परत आला, आता फक्त गुड मॉर्निंग टाकतो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की पानिपतावर बोलताना रक्त, डीएनए असले शब्द आणू नका, आणि व्होल्कनला आणायचं तर पूर्ण आणा. सगळ्यांनी मिळून धरून ठेवलेली जखम असते तशी तिच्याआड प्रत्येक घराने आपलीआपली झाकलेली पण असते, आणि मोठी जेवढी गौरवाची तेवढी छोटी झाकायला सोपी. हे फक्त आमच्या घरात असेल असं मला वाटत नाही. संक्रांत, नागपंचमी, दिवाळीचा पाडवा, कुठला ना कुठला सण बंद असलेली घरं महाराष्ट्रात किती असतील? त्यांना विचारा ना. पुढच्या जानेवारीत तलवारींच्या फोटोंच्या शेजारी एक पान त्याला द्या, वाचकांना लिहायला सांगा, सण कधी बंद झाला, कारण काय सांगतात, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारलं तर ती काय सांगते. युनिव्हर्सिटीतल्या सायकॉलॉजीवाल्यांनी पण जरा प्रश्नावल्या इंग्रजीतून मराठीत करणं थांबवून लसूण सोलायला बसावं. हे सगळं पाश्चात्य खूळ आहे असं तुमच्या लेखावर एका वाचकाने लिहिलंय त्यांना सांगा, कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी १९२२ लाच काढली होती आणि फ्रॉइडशी पत्रातून वादही घातला होता, की तुमचे पेशंट वेगळे, माझे वेगळे. वाद घालायचा तर तसा घालावा.

जेनोग्राम सबमिट झाला. त्यात एका गोलावर फुली आहे आणि खाली नाव नाही. मुलीने आत्तीला फोन करून विचारलं होतं, त्या बाईंचं नाव तरी काय? आत्ती म्हणाली, माहेरचं का सासरचं? मुलगी म्हणाली, कुठलंही. आत्ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, आईनं सांगितलंच नव्हतं गं.

पत्र छापलंत तर माझं नाव आणि गाव कृपया देऊ नका. चुलतभाऊ तुमचाच पेपर घेतो.

आपली,
एक वाचक, पुणे